स्ट्रायकर ते प्रशिक्षक: ग्वाल्हेरच्या मैदानावर मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरला मराठी घरं पुष्कळ, पण फुटबॉलवर आयुष्य काढलेला माणूस त्यात शोधावा लागतो. त्यामुळे गणपतीची आरती संपली की, किंवा लग्नाच्या पंगतीत पान वाढेपर्यंत, कुणीतरी मुलाला पुढे करतं आणि म्हणतं, "सर, याला फुटबॉलचं वेड लागलंय. पुढे काय होणार याचं?" मी बरीच वर्षं स्ट्रायकर म्हणून, म्हणजे सगळ्यात पुढे राहून गोल करणारा खेळाडू म्हणून, खेळलो आणि आता मुलांना शिकवतो. पंगतीत अर्धवट दिलेली उत्तरं इथे पुरी करतो आहे.

तुम्ही स्वतः कुठवर खेळलात?

एका सरकारी खात्याच्या संघातून ११ मोसम, पाठीवर नऊ नंबर. राज्याच्या शिबिरात दोनदा गेलो, दोन्ही वेळा शेवटच्या यादीत नाव नव्हतं. देशाकडून खेळलेलो नाही. हे मी पहिल्याच भेटीत सांगतो, कारण पालकांचा गैरसमज झालेला मला आवडत नाही. ३३व्या वर्षी उजव्या गुडघ्याने साथ सोडली आणि मैदानाच्या रेषेबाहेर उभं राहायची वेळ आली.

चांगला स्ट्रायकर आपोआप चांगला प्रशिक्षक होतो का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचं उत्तर मला स्वतःला उशिरा कळलं.

शिकवायला लागलो त्याला दोन-तीन महिने झाले असतील. सरावात मुलं विंगवरून, म्हणजे मैदानाच्या कडेवरून, गोलसमोर बॉल मारत होती, यालाच क्रॉस म्हणतात, आणि मी त्यांना दाखवायला म्हणून बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत, उभा होतो. क्रॉस आला, मी गोलच्या पहिल्या खांबाकडे दोन पावलं टाकली आणि बॉल जाळीत. १३ वर्षांचा एक मुलगा जवळ आला. "सर, बॉल तिथेच पडणार हे तुम्हाला आधी कसं कळलं?" मी म्हटलं, "खेळून खेळून कळतं रे." त्याने मान हलवली आणि रांगेत जाऊन उभा राहिला. त्याच्या हाती काहीच लागलं नव्हतं, आणि ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

त्या रात्री मी एक वही घेतली आणि लिहायला बसलो: मी नेमकं काय बघतो? तासभरात तीन ओळी झाल्या. ११ मोसम जे पायांना माहीत होतं ते तोंडाला माहीतच नव्हतं. स्ट्रायकरची ही मोठी अडचण आहे. त्याचं काम एका क्षणात होतं, विचार करत बसला तर बॉल निघून जातो. म्हणून तो स्वतःलाही कधी समजावून सांगत नाही. बचावपटू आणि मिडफिल्डर मात्र सामना चालू असताना सतत बोलत असतात, इतरांना जागेवर लावत असतात. त्यांना बोलायची सवय असते. २०२५ मध्ये भारताचे प्रशिक्षक झालेले खालिद जमील मिडफिल्डर होते. नऊ नंबरवाल्याला ही भाषा पहिल्यापासून शिकावी लागते.

मग सांगा ना, बॉल कुठे येणार हे कळतं कसं?

वहीतल्या त्या तीन ओळींच्या पुढे जायला मला दोन वर्षं लागली. आता मी असं शिकवतो.

क्रॉस टाकणारा आधी मान वर करतो, बॉक्समध्ये कोण कुठे आहे ते बघतो. मग बॉल मारायला त्याची मान खाली जाते. ती खाली गेली की त्याचा निर्णय झालेला असतो, आता तो बदलू शकत नाही. तुम्हाला पकडून उभा असलेला बचावपटूही त्याच क्षणी बॉलकडे बघत असतो. म्हणजे अर्धा सेकंद तुमच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. पाऊल टाकायचं ते तेव्हा. आधी पळालात तर बचावपटू बरोबर येतो, नंतर पळालात तर गोलकीपर बॉल उचलतो.

मुलांना मी सांगतो, मान खाली गेली की मोठ्याने "खाली!" ओरडा आणि मगच पळा. पहिले काही दिवस ओरडणं आणि पळणं जुळत नाही, मुलं एकमेकांवर आदळतात. दोन आठवड्यांनी जुळतं. मग ओरडणं बंद करायला सांगतो, बघणं राहतं.

दुसरी सवय खांद्यावरून मागे बघण्याची. मी मुलाच्या मागे उभा राहून बोटं वर करतो. बॉल त्याच्या पायाशी पोचायच्या आत त्याने मागे बघून आकडा सांगायचा. चुकला तर पास परत. हे कंटाळवाणं दिसतं आणि बघायला आलेले पालक विचारतात की शूटिंग कधी घेणार. पण गोलपोस्ट ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच आहे, ती कुठे जात नाही. बचावपटू जागा बदलतो. बघायचं त्याच्याकडे.

ऑफसाइडचंही (पास निघताना समोरच्या बचावापलीकडे उभं असणं) एक सांगून टाकतो, कारण यावर मैदानात फार भांडणं होतात. शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या अगदी रेषेत असाल तर ऑफसाइड नाही. १९९० पासून असाच नियम आहे. जुने खेळाडू अजून "एक पाऊल मागे राहा" म्हणून ओरडतात आणि पोरांची जागा फुकट जाते.

आपल्या देशात मोठा स्ट्रायकर आणि मोठा प्रशिक्षक असं दोन्ही कुणी झालं आहे का?

प्रदीपकुमार बॅनर्जी. पी. के. म्हणून सगळे ओळखतात. उजव्या बाजूने येणारे फॉरवर्ड, म्हणजे आघाडीचे खेळाडू. त्यांच्याबद्दल मुलांना सांगायला लागलो की माझा सराव दहा मिनिटं उशिरा सुरू होतो.

जलपायगुडीकडचा मुलगा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, त्या संघात ते होते. (त्याच स्पर्धेत मुंबईच्या नेव्हिल डिसोझांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, भारत ४-२ जिंकला. ते नाव आपल्या मुलांना माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं.) १९६० च्या रोम ऑलिंपिकला पी. के. कर्णधार होते आणि फ्रान्सशी १-१ बरोबरी झाली त्यात भारताचा गोल त्यांचा. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार, फुटबॉलमधला पहिला. १९६२ ला जकार्तात एशियाडच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियावर २-१ असा विजय, एक गोल पी. के. यांचा आणि दुसरा जर्नेल सिंग यांचा.

आणि हा सगळा काळ ते ईस्टर्न रेल्वेकडून खेळले. ना ईस्ट बंगाल, ना मोहन बागान. १९५८ मध्ये रेल्वेने कलकत्ता लीग जिंकली ती या मोठ्या क्लबांना मागे टाकून. खात्याच्या संघातून खेळतो म्हणून माझ्या मनात जो कमीपणा होता तो मी हे वाचलं तेव्हा गेला.

खेळ थांबल्यावर त्यांनी जे केलं ते आपल्या कामाचं आहे. ऑलिंपिकचा कर्णधार, एशियाडचा सुवर्णपदक विजेता, पण तो माणूस पुन्हा विद्यार्थी झाला. जर्मन प्रशिक्षक डेटमार क्रामर यांच्याकडे जपानमध्ये कोचिंगचं शिक्षण घेतलं. १९७० ला बँकॉक एशियाडमध्ये भारताला कांस्यपदक मिळालं तेव्हा संघाच्या प्रशिक्षकांत ते होते. मग ईस्ट बंगाल. १९७५ च्या आयएफए शील्ड या कोलकात्याच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने मोहन बागानला ५-० हरवलं. पुढच्याच वर्षी ते मोहन बागानमध्ये गेले, आणि १९७७ ला ईडन गार्डन्सवर पेलेंच्या न्यूयॉर्क कॉसमॉसशी २-२ बरोबरी केली.

सामन्याआधी ते खेळाडूंशी जे बोलत त्याला बंगालमधली वर्तमानपत्रं "व्होकल टॉनिक" म्हणत. म्हणजे ज्या गोष्टीची मला १३ वर्षांच्या पोरासमोर अडचण झाली, त्याच गोष्टीसाठी हा फॉरवर्ड ओळखला गेला: बोलण्यासाठी. हे त्यांना जन्मतः आलं असेलही. पण ते शिकायला गेले होते, हे विसरू नका.

१९९७ च्या त्या सामन्याबद्दल तुम्ही नेहमी बोलता, तो काय होता?

१३ जुलै १९९७, कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, फेडरेशन कपची उपांत्य फेरी. सव्वा लाखावर लोक आले होते, नोंदलेला आकडा १,३१,७८१. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त. त्यांची "डायमंड" पद्धत त्या मोसमात गाजत होती, सगळा संघ पुढे चढत जायचा. समोर ईस्ट बंगालचे पी. के., वय ६१.

ईस्ट बंगाल ४-१ ने जिंकलं आणि बायचुंग भुतियाने तीन गोल केले. बागानचे खेळाडू चढून आले की त्यांच्या पाठीमागे जागा मोकळी पडत होती. तिथे वेगाने बॉल पोचवला गेला. मला यात फॉरवर्डची नजर दिसते. समोरचा संघ कुठे ताकदवान आहे हे सगळ्यांनाच दिसत होतं, पी. के. मोकळी जागा शोधत होते. जे काम त्यांनी २५व्या वर्षी पायांनी केलं असतं ते ६१व्या वर्षी बायचुंगच्या पायांकडून करून घेतलं.

आणखी कुणी?

हैदराबादचे शब्बीर अली. १९७४ मध्ये आशियाई युवा स्पर्धेचं विजेतेपद भारताने इराणसोबत विभागून घेतलं, त्या संघाचे कर्णधार आणि नावाजलेले स्ट्रायकर. प्रशिक्षक म्हणून १९९८-९९ ची राष्ट्रीय लीग गोव्याच्या साळगावकर संघाला जिंकून दिली. त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. ध्यानचंदांचे धाकटे भाऊ रूपसिंह आपल्या ग्वाल्हेरचे, स्टेडियमला नाव त्यांचंच आहे, म्हणून मला हा धागा आवडतो.

बाहेरच्यांत अ‍ॅलेक्स फर्ग्युसन. मुलं त्यांना मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक म्हणून ओळखतात, पण १९६५-६६ च्या एका मोसमात त्यांनी डनफर्मलिन या स्कॉटिश क्लबकडून ५१ सामन्यांत ४५ गोल केले होते. ३२व्या वर्षी स्कॉटलंडमधल्या अगदी लहान क्लबपासून त्यांनी कोचिंगला सुरुवात केली.

दुखापत झाली तर सगळं संपतं का?

इंग्लंडचे ब्रायन क्लफ यांची गोष्ट मी गुडघ्याला पट्टी बांधून बसलेल्या प्रत्येक मुलाला सांगतो. २७४ लीग सामन्यांत २५१ गोल केलेला स्ट्रायकर. २६ डिसेंबर १९६२, थंडीने कडक झालेलं मैदान, समोरून येणाऱ्या गोलकीपरशी टक्कर आणि गुडघ्याचा लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारा पट्टा, तुटला. वय २७. परत यायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग क्लबने तरुण मुलांना शिकवायचं काम दिलं. ३०व्या वर्षी ते हार्टलपूल्सचे मॅनेजर झाले. १९७२ ला डर्बी आणि १९७८ ला नॉटिंगहॅम फॉरेस्टला इंग्लंडचं विजेतेपद, आणि फॉरेस्टला १९७९ आणि १९८० असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप.

आज हा लिगामेंट शस्त्रक्रियेने नवा बसवता येतो. पण परत खेळायला साधारण नऊ महिने लागतात आणि ते नऊ महिने पुरे करावेच लागतात. मी केले नाहीत. पाचव्या महिन्यात संघाला गरज आहे म्हणून मला उतरवलं गेलं, मीही उतरलो, डॉक्टरांचं लेखी मत कुणी मागितलं नाही. तो गुडघा आज जिने चढताना दुखतो. म्हणून माझ्याकडे नियम आहे: फिजिओथेरपिस्टने लिहून दिल्याशिवाय मुलगा मैदानात पाय ठेवणार नाही, मग समोर फायनल असो. पालकांनी फोन करून गळ घातली तरी नाही.

प्रशिक्षक व्हायचं तर लायसन्स कोणतं?

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या पायऱ्या आहेत: डी, मग आशियाई महासंघाचे सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. वयाची १८ वर्षं झाली की डी करता येतं. एक पायरी झाली की लगेच पुढची करता येत नाही, मधल्या काळात संघ हाताळावा लागतो. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या मुख्य प्रशिक्षकाला प्रो लागतं.

डीच्या वर्गात माझ्याबरोबर एक शाळामास्तर होते, जिल्ह्यापलीकडे कधी खेळले नव्हते. प्रात्यक्षिकात ते माझ्यापेक्षा सरस ठरले. मुलांना कुठे उभं करायचं, एका वाक्यात काय सांगायचं, आवाज किती चढवायचा, हे सगळं त्यांना वर्गात शिकवून शिकवून येत होतं. १९६२ ला जकार्तात सुवर्ण जिंकून देणारे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हेही मूळचे शिक्षक होते. अंतिम सामन्यात त्यांनी डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंग यांना बचावातून काढून पुढे खेळवलं आणि जर्नेल यांनी गोल केला. खेळाडूला त्याच्या जागेपलीकडे बघण्याची ही नजर मला शिक्षकाची वाटते.

ग्वाल्हेरमध्ये राहून हे शिक्षण होतं का?

होतं, आणि याबाबतीत आपण नशीबवान आहोत. १८५७ च्या लढ्याला १०० वर्षं झाली तेव्हा, १९५७ मध्ये, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने इथे शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय सुरू झालं. तेच आजचं एलएनआयपीई. देशाच्या कानाकोपऱ्यातून मुलं इथे शिकायला येतात, मणिपूरची मुलं आपल्या गल्लीत खोली भाड्याने घेऊन राहतात, आणि शहराच्या लष्कर भागातल्या कितीतरी मराठी घरांना आत काय शिकवतात हे माहीत नाही. तिथली पदवी हाती असेल तर शाळेत क्रीडाशिक्षकाची वाट खुली होते. फुटबॉलचं लायसन्स वेगळं, पदवी वेगळी. एक असलं म्हणून दुसऱ्यातून सुटका नाही.

पटियालाच्या एनआयएसमध्ये, म्हणजे १९६१ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत, कोचिंगचा डिप्लोमा होतो. सरकारी प्रशिक्षकाच्या जागांसाठी तो मागितला जातो.

खेळत असतानाच कोचिंग सुरू करावं का?

हो, आणि मी हेच केलं नाही. २८-२९व्या वर्षी डी करून ठेवा. सुट्टीत दहा वर्षांखालच्या मुलांना शिकवा. ही मुलं प्रश्न विचारतात आणि उत्तर पटलं नाही तर बॉल सोडून फुलपाखराच्या मागे जातात, त्यामुळे आपलं बोलणं किती पोचतंय ते लगेच समजतं. शेवटच्या मोसमात बेंचवर बसावं लागलं तर मान खाली घालून बसू नका. प्रशिक्षक बदली खेळाडू कधी पाठवतो आणि का, ते लिहून ठेवा.

यावर घर चालतं का?

सुरुवातीला एकट्या कोचिंगवर नाही. रेल्वे, पोलीस, सेनादल, बँका यांच्या खेळाडू कोट्यातली नोकरी हा आजही मोठा आधार आहे, म्हणून पदवी अर्धवट सोडू नका. मी नोकरीतून निवृत्त न होता शिकवतो, पहाटे मैदान आणि दहाला कचेरी. माझ्या ओळखीत पूर्ण वेळ कोचिंग करणारे आहेत, ते दोन शाळा आणि संध्याकाळची एक बॅच मिळून महिना भागवतात. एका खाजगी अकादमीने मला तीन महिन्यांचे पैसे दिलेच नाहीत, कारण तोंडी ठरलं होतं. तेव्हापासून कागदावर सही झाल्याशिवाय मी शिट्टी गळ्यात घालत नाही. तुम्हीही घालू नका.

आमची मुलगी स्ट्रायकर आहे. तिच्यासाठी वाट आहे?

आहे. मणिपूरची बाला देवी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडून खेळली, परदेशात व्यावसायिक करार मिळालेली पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू. तीही स्ट्रायकरच. आपल्या गावात महिला हॉकी अकादमी आहे, मुली हातात स्टिक घेऊन रस्त्याने जाताना कुणाला नवल वाटत नाही. फुटबॉलला तेवढी सवय अजून झालेली नाही. माझ्याकडे मुली मुलांबरोबरच सराव करतात. आणि महिला प्रशिक्षकांची गरज तर फार आहे. पहिल्या दिवशी मैदानात ताई दिसली तर आई मुलीला तिच्या भरवशावर सोडून जाते, हे मी कितीदा पाहिलंय.

कोल्हापूरचे नातेवाईक म्हणतात, फुटबॉल शिकायला तिकडे पाठवा. पाठवावं का?

कोल्हापूरचा फुटबॉल वेगळाच आहे. तालमींचे संघ, शाहू स्टेडियमची गर्दी, पेठापेठांची ईर्ष्या. तिथला अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून फॉरवर्ड म्हणून खेळला. पण तोही आधी पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला. १२ वर्षांच्या मुलाला मामाकडे पाठवण्याआधी मे महिन्याच्या सुट्टीत सामने दाखवून आणा. वातावरणाने भारावून जाणं वेगळं आणि रोजचा शिस्तीचा सराव वेगळा.

मुलाला आठव्या वर्षीच स्ट्रायकर करावं का?

करू नका. १३-१४ वर्षांपर्यंत सगळ्या जागांवर खेळू द्या.

ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात सराव कसा घेता?

मे-जूनमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, लू म्हणजे गरम वारा सुटतो. सकाळी साडेपाचला सुरू, सातला बंद. आईने मुलाला उपाशी पाठवू नये, केळं चालेल. बाटलीत साधं पाणी आणि चिमूटभर मीठ-साखर. डोकं दुखतंय म्हणणाऱ्या मुलाला मी कधीच "नाटक करू नको" म्हणत नाही, लगेच सावलीत बसवतो.

गोल मारायची भूक जाते का हो?

नाही जात. पहिली दोन वर्षं फार त्रास झाला. मुलाने सोपी संधी घालवली की माझाच पाय उचलायचा. बायको म्हणायची, झोपेत लाथा मारता. आता कमी झालंय.

"बॉल तिथेच पडणार हे कसं कळलं?" असं ज्याने विचारलं होतं तो मुलगा आज लहान मुलांची बॅच घेतो, डीचं लायसन्स त्याच्याकडे आहे. रविवारी सराव संपला, पोरं सायकली काढायला गेली की तो विंगवर बॉल मांडतो आणि हाक मारतो, "सर, या." दहा क्रॉस, सगळे डाव्या पायाच्या बाजूला, उजव्यावर भार नको म्हणून. त्याची मान खाली जाते आणि मी पहिल्या खांबाकडे निघतो.